पांढरीचं पोट

सशाला कापसावर निजवू नये, हे आज कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढं काय त्यात. पण ज्या वर्षांबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षांत आमच्याकडे कापसाला नावं ठेवणं म्हणजे देवाला नावं ठेवण्यासारखं होतं. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या परकोटाबाहेर आमचा मळा होता, मळ्यातच घर. आम्ही जातीचे माळी. मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरीच्या चारी अंगांना मेथी, मुळा, वांगी, मिरची होती. भाव चढला तसे सासऱ्यांनी वाफे मोडले आणि थेट विहिरीच्या काठापर्यंत कपाशी पेरली. माळ्याच्या घरात मेथीची जुडी बाजारातून यायला लागली. मला त्याचा राग यायचा, पण माझ्या रागाला तेव्हा कोण विचारतो!

पैसा आला की माणसाला काहीतरी सुचतं. आमच्या शेजाऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या आणि आमच्या दारावरून मुद्दाम दोन-दोनदा गाडी फिरवली. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ससे आणले. ते अकोल्याला एका लग्नाला गेले होते. तिथे कापूस खरेदी करणाऱ्या कुण्या साहेबाचा बंगला होता, साहेब विलायतेला परत निघाला होता, आणि त्याच्या खानसाम्यानं ही जोडी मामाजींच्या गळ्यात मारली. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. आमच्याकडे ससा म्हणजे रानातला, मातकट रंगाचा, आणि तोही मेलेला, कुणाच्या तरी खांद्यावर लटकलेला. माझ्या नवऱ्यानं टोपलीत डोकावून विचारलं, "बाबा, हे शिजवाचे कवा?" मामाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुमान बैलांना पाणी पाजायला गेला.

सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्या गेल्यापासून मामाजी घरात बोलतच नसत. जेवायचे, हात धुवायचे, शेतात जायचे. ससे आल्यावर त्यांना परत कंठ फुटला. ओसरीला लागून एक खोली होती, तिच्यात ससे ठेवले, आणि मामाजी दुपारचे तिथे उंबऱ्यावर बसून त्यांच्याशी गप्पा मारू लागले. मोट कशी चालली, कोणत्या बैलाच्या खांद्याला आवाळू आलं, सगळं. घरातल्या माणसांना जे ऐकायला मिळत नव्हतं ते सशांना मिळायचं.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सून सासऱ्याशी बोलत नसे. डोक्यावरचा पदर खाली ओढायचा, ते आले की दाराआड व्हायचं, आणि काही सांगायचंच असेल तर मध्ये माणूस घालायचं. आमच्या घरात ते माणूस म्हणजे आत्याबाई. मामाजींच्या थोरल्या बहीण, लहानपणीच कपाळ पांढरं झालेल्या. आई लवकर गेल्यामुळे मामाजींना त्यांनीच वाढवलं होतं, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. निरोप त्यांच्याकडे द्यायचा, त्या तो चाळून पाखडून पुढे पाठवायच्या. मी म्हणावं, गोठ्याचं छप्पर गळतं आहे. मामाजींच्या कानी जाई, सूनबाईला गोठा झाडायचा कंटाळा आला आहे. उलटही तसंच. एवढी वर्षं मी त्या घरात राहूनही सासऱ्यांनी माझं एक सबंध वाक्य ऐकलं नव्हतं.

सशांचे लाड तर विचारूच नका. घरात सगळ्यांत चांगलं जे होतं ते त्यांच्यापुढे. निजायला वेचणीतला पहिला, स्वच्छ कापूस, चांगला हातभर जाडीचा. खायला भिजवलेली सरकी, कारण सरकीनं म्हैस दूध देते, मग सशाचं वाईट कसं होईल? वर भिजवलेले हरभरे, आणि गुळाचा खडा. एकादशीला साबुदाणासुद्धा. गवत कुणीच घातलं नाही. गवत तर बैलही खातो, हे साहेबाच्या बंगल्यातले ससे!

खोली झाडायचं काम माझं. त्यामुळे जे बाकीच्यांना दिसत नव्हतं ते मला रोज दिसत होतं. आधी लेंड्या चांगल्या गोल, कोरड्या, हरभऱ्याएवढ्या यायच्या. मग त्या लहान झाल्या, आणि एकीला दुसरी जोडून यायला लागली. केरसुणीनं ओढल्या तर माळ ओढल्यासारख्या सगळ्या येत. मी एक माळ उचलून उजेडात धरली. मधला धागा कापसाचा होता. ससे आपली गादी खात होते.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कापसानं कोनी मरते काय वं? कापसावर तं आपून जगून राहिलो." निरोप पुढे गेला नाही. आणि मग त्या जोडीतला नर बसून राहिला. पाठीची कमान, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजताहेत. पोट पखालीसारखं टम्म. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, कारण शेजाऱ्यांची दृष्ट लागली हे त्यांनी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी नर मेला. मामाजींनी त्याला स्वतःच्या हातानं विहिरीमागे पुरलं आणि दिवसभर कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत.

त्यानंतर चार दिवस गेले असतील-नसतील, मादी तशीच बसली. तिला आम्ही पांढरी म्हणत होतो. सकाळी मी झाडायला गेले तर खोलीत एकही लेंडी नव्हती. सशाच्या खोलीत केर नाही, हे पाहून मला जी धास्ती बसली ती अजून आठवते. उंबऱ्यावर मामाजी बसले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. नवरा बाजारात गेलेला, आत्याबाई देवाजवळ. पांढरी मेली तर हा माणूस पुन्हा मुका होणार, हे मला समोर दिसत होतं. मला ते नको होतं. मला या माणसाबद्दल माया वाटत होती, आणि ती सांगायचीही सोय नव्हती.

मी पदर ओढला, मामाजींकडे पाठ केली, आणि पांढरीला म्हटलं, "पांढरे, तुले आजपासून कापूस बंद. तुह्या पोटात कापसाचा बोळा अडकला हाय. सरकी बंद, गूळबी बंद. तुले गवत पाह्यजे."

 मला वाटलं, मामाजी आता उठून जातील आणि संध्याकाळी माझी खरडपट्टी निघेल. मग घसा खाकरल्याचं ऐकू आलं.

"पांढरे," मामाजी म्हणाले, "इले इचार, गवत खाऊन ताकद कशी येईन?"

"पांढरे, सांग त्याईले, बैलाले कोनता गूळ भेटते?"

मामाजी उंबऱ्यावरून जरा पुढे सरकले. मग, "इले इचार, मंग निजशीन कशावर?"

"वायल्या गवतावर. तेच खाशीन, तेच अंथरशीन."

पांढरी बिचारी दोघांमध्ये डोळे मिटून बसली होती. तिच्या पोटात काय चाललं होतं आणि आम्ही तिला वकील करून ठेवलं होतं! पण त्या दिवशी माझं म्हणणं, जसंच्या तसं, कुठेही न चाळता त्या माणसाच्या कानापर्यंत पोचलं. मला एकदम अंगात बळ आल्यासारखं वाटलं.

कापूस मी लगेच बाहेर काढला. पांढरीला मांडीवर घेऊन तिचं पोट पुढून मागे हलक्या हातानं चोळायला लागले, लहान मुलाचं चोळतात तसं. माझ्या माहेरी वासराचं पोट धरलं की आई असंच करायची आणि मग वासराला चालवायची, बसू द्यायची नाही. मीही पांढरीला खाली सोडून खोलीत फिरवलं. पाणी ती पीत नव्हती. तेव्हा मला बोंडल्याची आठवण झाली. तान्ह्याला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं आत्याबाईंच्या पेटीत होतं, माझ्या नवऱ्याचं. आत्याबाई कडाडल्या, "घराण्याच्या वारसाचं बोंडलं जनावराच्या तोंडात?" मामाजी उंबऱ्यावरूनच पांढरीला म्हणाले, "पांढरे, बाईले सांग, दे म्हना." थोरल्या बहिणीला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही ऐकवलं असेल, आणि तेही सशामार्फत. आत्याबाईंनी बोंडलं दिलं, पण ते जमिनीवर ठेवून, हातात नाही.

कोमट पाणी ओठांच्या कडेनं थेंब थेंब घालायचं, घाई केली तर श्वासात जातं. मी पाजत होते, मामाजी बघत होते.

गवत मात्र कुठून आणायचं? उन्हं तापायला लागली होती. आणि आमच्या शेतात गवत उरलं होतंच कुठे! मामाजींचं निंदण असं की वाफ्यात काडी दिसली तर बाया बोलणी खायच्या. हरळीशी, म्हणजे दूर्वांशी, तर त्यांचं सात जन्मांचं वैर होतं. मुळासकट खणून, वाळवून, जाळून टाकायचे. हा माणूस त्या दुपारी डोक्यावर उपरणं टाकून निघाला आणि मोटेच्या थारोळ्यापाशी जिथे पाणी सांडतं तिथे गुडघे टेकून हरळी खुडू लागला. शेजारच्या शेतातून कुणीतरी ओरडलं, "काय हो, पूजा हाय काय?" मामाजी खुडतच राहिले. उपरण्याच्या सोग्यात हरळी घेऊन आले आणि माझ्या बाजूला, थोड्या अंतरावर, जमिनीवर ठेवून दिली.

पांढरीनं आधी तोंड फिरवलं. मी एक काडी तिच्या नाकाला लावली. संध्याकाळच्या सुमाराला तिनं ती काडी ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक लेंडी आली, काळी, टणक, वाटोळी, आणि तिच्यातून कापसाची शेपटी लोंबत होती. मामाजींनी ती बियाणं पारखतात तशी तळहातावर घेऊन पाहिली. मग आणखी आल्या. तिसऱ्या दिवशी धागा संपला आणि नुसत्या लेंड्या आल्या. मी केरसुणी हातात धरून हसत होते. मामाजीसुद्धा हसत होते, भिंतीकडे तोंड करून. लेंड्या बघून एवढा आनंद झालेलं दुसरं घर अमरावतीत नसेल.

पोटाचं निस्तरलं तर स्वच्छतेचं सुरू झालं. गूळ-सरकीच्या दिवसांत तिला मधून मधून पातळही झालं होतं, ते शेपटीखाली केसांत वाळून बसलं होतं. वर उन्हाळा आणि माश्या. मामाजींनी ठरवलं, पोळ्याला बैल धुतात तशी हिला थारोळ्यात धुवायची. मी पांढरीला खडसावून सांगितलं, "पांढरे, तू काय बैल हायेस? पान्यात बुडवलं तं भेवानंच मरशीन." मामाजींनी बादली खाली ठेवली. मी कात्रीनं तेवढेच केस कापले, कडुनिंबाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं तेवढीच जागा पुसली आणि लगेच कोरडी केली. बरं झालं वेळेवर केलं. केसांच्या मुळाशी माशीनं अंडी घातली होती, तांदळाच्या कणीसारखी. एक दिवस उशीर झाला असता तर किड्यांनी तिला जिवंत खाल्लं असतं. मग ती जागा रोज सकाळी बघायची, हे माझं कामच होऊन गेलं.

आत्याबाई रोज खोली शेणानं सारवायला लावायच्या. ओल्या सारवणावर बसून पांढरीच्या मागच्या पायांच्या टाचा सोलून निघाल्या. मी सारवणं बंद केलं. पराट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, तट्टी बांधली, विटांवर ठेवली, तिच्यावर वाळलेलं गवत जाड पसरलं. लघवी खाली गळायची, खाली राख. रोज राख बदलायची, ओलं झालेलं गवत तेवढं काढायचं. वास गेला, माश्या गेल्या. कपाशीचा पांढरीला एवढाच काय तो उपयोग झाला.

आणि बोलणं वाढत गेलं. मी म्हणायची, पांढरे, विहिरीजवळ एक वाफा मोकळा केला तर तुझ्यासाठी कोथिंबीर, मेथी होईल. मामाजी म्हणायचे, पांढरे, हिला सांग की तू फार चढून बसली आहेस. चार दिवसांनी वाफा मोकळा झालेला असायचा. मी कोरड्यासात, म्हणजे भाजीत, मीठ जास्त घालते, हे मला पांढरीकडूनच कळलं. मी आल्यापासून जास्त घालत होते म्हणे. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर दोघांनाही वेड लागलं म्हटलं असतं. मला मात्र ते घर तेव्हा पहिल्यांदा आपलं वाटलं.

एक दिवस भल्या सकाळी आत्याबाई खोलीवरून देवाच्या फुलांना निघाल्या होत्या आणि त्यांनी पांढरीला पाहिलं. पांढरी मान वाकवून स्वतःच्या शेपटीखाली तोंड घालून काहीतरी घेत होती आणि चावत होती. आत्याबाईंच्या हातातली परडी पडली.

हे मला माहीत होतं. पांढरी दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकायची. दिवसभराच्या कडक, त्यांना ती तोंड लावत नसे. आणि पहाटेच्या मऊ, घोसासारख्या, त्या ती खाली पडूही देत नसे. गूळ-सरकीच्या दिवसांत तिनं खाल्ल्या नव्हत्या, खोलीत पडलेल्या मला दिसल्या होत्या. बरी झाली तशी पुन्हा खायला लागली. मी गोठ्यात वाढलेली. रवंथ मला कुणी शिकवायला नको. मी आत्याबाईंना पूर्वीच एकदा सांगितलंही होतं. पण सांगणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं.

"विष्ठा खाते!" आत्याबाईंचा आवाज घरभर गेला. "आन भाऊ तिले आपल्या ताटातलं देते! त्याच हातानं देवाले फूल वाहाते!"

मामाजींचा चेहरा उतरला. खरंच ते तिला आपल्या हातानं भरवायचे, कधी तिच्या नाकावर नाक टेकवायचे. त्या दिवशी ते खोलीकडे फिरकले नाहीत. उंबरा रिकामा. मी पांढरीशी बोलत राहिले, मोठ्यानं, पण ऐकायला कुणी नव्हतं. आत्याबाईंनी फर्मान काढलं होतं: एक तर ते जनावर घरात राहील, नाही तर मी. आणि बहिणीपुढे मामाजींचं काही चालायचं नाही. त्यांनी तिच्या कडेवर बसून जग पाहिलेलं.

नव्या माडीसाठी मेळघाटचं सागवान आणायचं होतं. मामाजी स्वतः गाडी घेऊन परतवाड्याला निघणार होते. असं ठरलं की पांढरीला बरोबर न्यायचं आणि परतवाड्याच्या पुढे रानाच्या कडेला सोडून द्यायचं. रानात! पांढरं जनावर, खोलीत वाढलेलं, कोल्ह्याचा वास माहीत नसलेलं. पहिली रात्रही निघाली नसती. मी दाराआडून बघत होते. बैल जुंपले होते. टोपली गाडीत ठेवली होती. मामाजी टोपलीकडे न बघता कासरे सोडवत होते, आणि ते सुटतच नव्हते.

मी अंगणात आले. पदर डोक्यावर होता, पण मी पाठ केली नाही.

"त्या मऊ लेंड्या म्हंजे तिचा रवंथ हाय," मी म्हटलं.

सवयीनं मामाजींनी टोपलीकडे पाहिलं. मी टोपलीशी बोलते आहे असंच त्यांना वाटलं.

"मामाजी," मी म्हटलं, "मी तुमाले सांगून राहिली."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. मी थांबले नाही. "गाय खाल्लेलं परत तोंडात आनते, परत चावते, आन तिचं दूध आपून देवाले वाहातो. हेबी तसंच हाय, फक्त वाट वेगळी. ते तिले खाऊ नाई देलं तं ती वायून मरन. हे मी आत्याबाईईले कवाचं सांगतलं होतं. तुमच्यापर्यंत आलं नाई. नर मेला तवाबी धाग्याचं मी आधीच सांगतलं होतं. तेबी आलं नाई. आता ही जाईन, आन तेबी असंच."

मामाजींच्या हातातून कासरा सुटला. ते माझ्याकडे बघत होते. माझा चेहरा त्यांनी नीट असा त्याच दिवशी पाहिला असेल.

"तुही सासू," ते म्हणाले, आणि थांबले. मग बहिणीकडे वळून म्हणाले, "बाई, तिचंबी पोट दुखत होतं. महिना महिना दुखत होतं. मले समजलं तवा ती उठून बसत नोती."

आत्याबाई काहीतरी ताडकन बोलतील असं मला वाटलं. पण त्या ओट्याच्या कडेला टेकल्या. "तिनंच सांगू नोका म्हनलं होतं, भाऊ. मले शपथ घातली होती. येचनी चालू हाय, बोंडं फुटून राहिले, भाव असा परत येनार नाई, त्याईले शेतातून बलावू नोका म्हने." त्यांचा आवाज फाटला. "मी काय करू? तिनंच म्हनलं."

 मामाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग मला म्हणाले, सरळ मला, "सूनबाई, आजपासून जे असन ते तू मले सांगत जाय. मधात कोनी नोको."

मला रडू फुटत होतं. पण सांगायचं एक आणखी होतं, आणि ते सांगायची वेळ पुन्हा आली नसती. घरातली ताटं मीच उचलत होते. कुणाच्या ताटात काय उरतं, मला माहीत होतं.

"मंग सांगते, मामाजी," मी म्हटलं. "आत्याबाईईचंबी पोट दुखते. दसऱ्यापासून. उपास हाय, उपास हाय म्हनतेत. उपास नाई तो. भाकर उतरत नाई त्याईले."

"चूप वं!" आत्याबाई ओरडल्या. पण ओरडताना त्यांचा हात पोटावर गेला, आणि तो मामाजींनी पाहिला.

त्यांनी गाडीतली टोपली उचलली आणि माझ्या हातांत दिली. टोपलीच्या जागी घोंगडी पसरली, घडी दुमडून जाड केली. मग बहिणीपुढे येऊन उभे राहिले. "बाई, बस गाडीत. शहरात वैद्याकडे जाऊ."

"आन लाकडं? माडी?"

"लाकडं कुटी जात नाई."

आत्याबाई पुढे बऱ्या झाल्या, हे आत्ताच सांगून टाकते. वैद्यानं त्यांचं तिखट बंद केलं, काढे दिले, आणि त्या पुष्कळ वर्षं जगून मला रोज बोलत राहिल्या. पांढरीही चांगली म्हातारी होऊन गेली. पण त्या सकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. मामाजींनी बहिणीला हाताला धरून गाडीत चढवलं. माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून त्या बसल्या होत्या. गाडी फाटकापर्यंत गेली, तिथे उंचवट्यावर चाक आदळलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी पोट धरलं.

"भाऊ," मला त्यांचा आवाज ऐकू आला, "लई दुखते रे."

मामाजींनी बैल हळू केले आणि गाडी अमरावतीकडे वळवली.